बाईंचं डबल

"बाबुराव वकील गेले," रशीदभाईंनी फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं." नंतर स्वतःचीच लाज वाटली... पण थोडीच. दीड महिना झाला त्याला. शोकसभेत सगळे गोड बोलले. मला ते जमलं नाही, म्हणून लिहितेय.

बीडच्या आमच्या क्लबात ब्रिज खेळणारी मी एकटीच बाई. गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि वकिलांनी मला जोडीदार करून घेतलं. ते शिकवत छान, हे कबूल. पण बोली सुरू झाली की समोर बसलेली मी त्यांना दिसेनाशी व्हायची. मी पास म्हटलं की ते बोली वाढवत, मी वाढवली की कपाळावर हात मारत. सात वर्षं सोसलं.

मग अंबाजोगाईच्या स्पर्धेची अंतिम फेरी. आम्ही बदाम बोललो होतो, विरुद्ध जोडीनं चार इस्पिकांपर्यंत चढवलं. माझ्याच हातात चार इस्पिकं, त्यांत राजा आणि गुलाम, शिवाय दुसऱ्या रंगांचे दोन एक्के. त्यांची बोली पुरी होणं शक्यच नव्हतं. मी डबल म्हटलं, म्हणजे तुमची बोली बुडणार, दंड दुप्पट. वकिलांनी आता फक्त पास म्हणायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पाच बदाम!" आम्ही दोन हात कमी पडलो. विजेत्यांची ढाल गेली.

वर भर सभागृहात म्हणाले, "बाईंच्या डबलवर काय इस्वास ठेवायचा? घाबरून म्हणत्यात त्या."

"घाबरलात तुम्ही, वकीलसाहेब," मी म्हटलं. "बाईचं ऐकावं लागेल म्हणून."

पुढच्या आठवड्यापासून मी रशीदभाईंची जोडीदार झाले. मोंढ्याच्या बाजारात फळांची आडत चालवणारा, मोजकं बोलणारा माणूस. वर्षभरानं वकील आमच्याविरुद्ध खेळायला बसले. त्यांनी चार बदाम लावले, मी डबल म्हटलं, रशीदभाई शांतपणे पास म्हणाले. वकील बुडाले. पत्ते टाकून उठले ते पुन्हा माझ्याशी बोललेच नाहीत. ते आजारी पडल्यावर मी चौसाळ्याला त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मीही पुन्हा गेले नाही.

माझा राग अजून आहे. आणि डबल म्हणताना माझा आवाज अजून नको इतका चढतो. परवा रशीदभाई पत्ते खाली ठेवून म्हणाले, "बाई, कावून वरडता? मी ऐकतो ना तुमचं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

पुढच्याच डावात मी पुन्हा ओरडले.