दुखवट्याच्या पानावरची सही

आमच्या शाळेत त्यांना सगळे वहीबाई म्हणायचे. शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. माझी मुलगी तिथं शिकली, म्हणून मला विश्वस्त मंडळात घेतलं. माझं दुकान घड्याळदुरुस्तीचं. सभेत बोलणं मला कधी जमलं नाही, आणि लिहिणं तर त्याहून नाही. हे नीट उतरेल की नाही, शंकाच आहे. पण आता दुसरं कोणी लिहिणार नाही.

वहीबाई शाळेच्या कारकून. पंचविशीत लागल्या आणि एकतीस वर्षं त्याच टेबलाशी बसल्या. टेबल जिन्याखाली होतं. उंच माणसाला तिथं मान वाकवूनच बोलावं लागे. त्या म्हणायच्या, "बरंय, सगळे अदबीनं बोलतात." घरी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. भावालाही ऐकू येत नाही. तो याच शाळेत शिकला आणि मग शाळेच्याच पुस्तकबांधणी खात्यात लागला. सभेच्या इतिवृत्ताची जाड वही तोच बांधायचा. शिवण इतकी पक्की की पान फाडलं तर सगळी वही बोलेल.

नियमाप्रमाणे मंडळाची सभा दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. आम्ही नऊ जण, कोरम पाचाचा. सुरुवातीला सभा होत असत. मग कोणाची तब्येत, कोणाचा प्रवास, कोणाकडे पाहुणे. एकदा तिघं, एकदा दोघं, एकदा मी एकटाच आलो. वहीबाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "काका, तुमचा एकट्याचा कोरम धरता आला असता तर काय हवं होतं."

त्यानंतर सभा त्यांच्या पिशवीतच भरू लागली. त्या अध्यक्षांना विचारून विषय ठरवायच्या, ठराव सुवाच्य अक्षरात आधीच लिहून काढायच्या, आणि वही पिशवीत घालून नऊ घरं फिरायच्या. सगळ्या सह्या व्हायला तीन-चार आठवडे लागत. तारखेची जागा तोवर कोरी. शेवटची सही झाली की नोटिशीपासून पंधरा दिवस मोजून त्या तारीख घालत. पंधरा दिवसांचा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. सभाच होत नव्हती, पण तिच्या नोटिशीची मुदत मात्र काटेकोर. हे त्या वेळी आम्हाला कोणालाच विचित्र वाटलं नाही.

माझ्या दुकानात त्या दुपारी यायच्या. मी डोळ्यावरची भिंगाची नळी न काढताच सही करायचो. त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "वाचून करा, काका." मी म्हणायचो, "तुम्ही लिहिलंय ना."

वाचायचे ते एकटे वकीलसाहेब. मंडळातले सगळ्यांत जुने, कानानं अधू आणि जिभेनं तिखट. ते विचारायचे, "बाई, आज सभेत मी काय बोललो?"

"आज तुम्ही कडाडून विरोध केलात, साहेब."

"वा. मग?"

"मग मान्य केलंत."

"माझ्या बायकोला दाखवा हे," असं म्हणून ते सही करायचे.

एका वर्षी चार तारखेला त्यांनी अशीच सही केली. विषय तिसरा, भांडारघराचं छप्पर, अनुमोदक वकीलसाहेब. अकरा तारखेला ते गेले. झोपेतच. अध्यक्ष बाहेरगावी होते. त्यांची सही महिनाअखेरीला झाली. नोटीस दहा तारखेची, म्हणून वहीबाईंनी सभेची तारीख घातली पंचवीस. पहिला विषय त्या नेहमी मोकळा ठेवायच्या, ऐनवेळी काही आलं तर असावा म्हणून. तिथं त्यांनी लिहिलं, "मंडळाचे ज्येष्ठ सदस्य वकीलसाहेब यांच्या निधनाबद्दल सभा दोन मिनिटं उभी राहिली." त्याच पानावर खाली वकीलसाहेबांची सही होती, वळणदार, नेहमीसारखी.

दोन वर्षं ते पान कोणी उघडलं नाही. मग शाळेची मान्यता नव्यानं घ्यायची वेळ आली आणि तपासणी अधिकारी आले. शांत माणूस. ओळीखाली पट्टी धरून वाचायचे. त्या दिवशी अध्यक्ष आणि मी हजर होतो. पट्टी एका ठिकाणी थांबली. ते म्हणाले, "हे गृहस्थ स्वतःच्या दुखवट्याला उभे राहिले होते का?"

वहीबाई म्हणाल्या, "चूक माझी आहे."

"चूक कोणाची ते मागाहून बघू. सभा झाली होती का?"

अध्यक्ष म्हणाले, "आम्ही लेखी खुलासा देतो."

अध्यक्ष म्हणजे आमचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, हे मला लिहायलाच हवं. शाळेतल्या किती मुलांचे कान त्यांनी फुकट तपासले. खुलासा ठरवण्यासाठी त्यांनी सभा बोलावली आणि कित्येक वर्षांनी आम्ही सगळे, आठच्या आठ, आलो. खुर्च्या कमी पडल्या. वर्गातले लहान बाक आणून त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

डॉक्टर म्हणाले, "सभा होत नव्हत्या असं लिहून दिलं तर आपण सगळे जाऊ, आणि मान्यताही. साठ मुलं आहेत. एका माणसानं आपल्या मनानं लिहिलं असं म्हटलं, तर शाळा वाचते."

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे बाई?"

"त्या स्वतःच म्हणाल्या की चूक माझी."

बाई तिथंच बसल्या होत्या, मांडीवर वही घेऊन. इतिवृत्त लिहायचं काम त्या दिवशीही त्यांचंच होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

माझ्या खिशात एक चिठ्ठी होती. सकाळी दुकानात लिहिलेली, पाठ होईना म्हणून. तिच्यावर एवढंच होतं, "सभा होत नव्हत्या हे आम्हा सर्वांना माहीत होतं. वही माझ्याही दुकानात यायची." दोन वाक्यं. मी हात खिशात घातला, चिठ्ठी बोटांना लागली, आणि मी तसाच बसून राहिलो. कोणीतरी सुरुवात करील, मग आपण बोलू, असं मला वाटत होतं. बाकीच्या सहा जणांनाही कदाचित तसंच वाटत असेल.

डॉक्टरांनी ठराव सांगितला. कारकुनांनी विश्वस्तांच्या नकळत खोट्या नोंदी केल्या, सबब त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे. बाई लिहीत होत्या. 'सबब' जवळ त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे लिहू लागल्या. सूचक, अध्यक्ष. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "अनुमोदक कोण लिहू?"

डॉक्टरांनी इकडं तिकडं पाहिलं. "घड्याळकाकांचं लिहा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "काका, लिहू?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मी आजवर स्वतःला विचारत आलो आहे. बाईंनी होय धरलं. मी आयुष्यभर दुसरं काही म्हटलंच नव्हतं, त्या तरी दुसरं काय धरणार. वही फिरत माझ्याकडं आली. त्या म्हणाल्या, "वाचून करा."

मी सही केली. एवढ्या वर्षांत तारीख, हजेरी आणि सह्या तिन्ही खऱ्या असलेलं ते पहिलंच पान असेल.

घरी गेलो तर मुलगी वाट बघत होती. तिनं हातांनी विचारलं, बाईंचं काय झालं? आमच्या घरात सगळं बोलणं हातांचं. मी माझे हात खिशात घातले आणि आत गेलो.

पुढं सहा महिन्यांनी मान्यतेचं पत्र आणायला मी गेलो, तेव्हा ते अधिकारी सहज म्हणाले, "सभा होत नव्हत्या असं सरळ लिहिलं असतंत तर समज देऊन सोडलं असतं. नवीन मंडळ नेमा म्हटलं असतं, एवढंच. हे सगळीकडं चालतं." पत्र घेऊन मी जिना उतरलो आणि खाली बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिलो.

भावाची नोकरी राहिली. रोज सकाळी बाई त्याला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायला यायच्या. तो चाळिशीतला माणूस, त्याला सोबतीची गरज नव्हती. फाटकाशी आल्या की त्या त्याच्या शर्टाची कॉलर नीट करायच्या, जिन्याखालच्या टेबलाकडं एकदा बघायच्या आणि मागं फिरायच्या. आत पाऊल कधी टाकलं नाही. या म्हणून कोणी सांगितलंही नाही.

एकदा त्या माझ्या दुकानात आल्या. भावाचं घड्याळ मागं पडत होतं. मी ते उघडून बसलो. त्या काचेच्या कपाटाशी उभ्या होत्या.

"मला दिसलं होतं, काका," त्या म्हणाल्या. "तारीख घालतानाच वकीलसाहेबांची सही दिसली. पण नवं पान घ्यायचं म्हणजे नऊ घरं पुन्हा, आणि त्यातलं एक तर राहिलंच नव्हतं. दुखवटा गाळला असता तर निभावलं असतं. पण माणूस जातो आणि आपल्या वहीत त्याच्यासाठी दोन ओळी नाहीत, हे मला जमेना."

मी म्हणालो, "घड्याळात धूळ आहे."

"असेल." मग त्यांनी विचारलं, "सभा आता खऱ्या होतात ना?"

"होतात."

"किती येतात?"

"सात-आठ."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. याचाच मला जास्त त्रास झाला.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. भाऊ ते सांगायला आला तेव्हा त्यानं दोन तळवे वहीसारखे उघडले आणि मिटले. त्यांच्या नावाची खूण शाळेत तीच होती.

आता मंडळाच्या अध्यक्षा नव्या आहेत, एका विद्यार्थ्याची आई. काम चोख. नोटीस वेळेवर, कागद आधी घरी, आणि न वाचता कोणी सही करायची नाही. मी पंधरा दिवस आधी लेखी विषय दिला. जुन्या ठरावातलं 'विश्वस्तांच्या नकळत' हे खोटं असल्याची नोंद व्हावी. सभेत मी उभा राहिलो. त्या चिठ्ठीतली दोन्ही वाक्यं म्हटली. सात वर्षं उशिरा.

अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदक?"

त्या वेळचं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. डॉक्टरही नाहीत. सगळे माझ्याकडं मायेनं बघत होते, जसं म्हाताऱ्याकडं बघतात.

अध्यक्षा म्हणाल्या, "काका, मी त्या बाईंना पाहिलेलंही नाही. जे मला ठाऊक नाही त्यावर सही कशी करू? आपण असंच चालवायचं ठरवलंय ना?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. खरंच बरोबर होतं. आम्हा नऊ जणांतल्या एकानं जरी वहीबाईंना हे म्हटलं असतं, तर त्या जिन्याखालीच निवृत्त झाल्या असत्या.

अनुमोदन नसलेला ठराव पडतो आणि इतिवृत्तात त्याची नोंद होत नाही. अध्यक्षा म्हणाल्या, सगळं लिहून द्या, सभासद वाचतील. म्हणून हे लिहिलं. लिहिल्यावर दोनदा वाचलं, आणि मगच सही केली आहे. तारीख आजचीच आहे.