घुमटावरचं आभाळ

आमच्या टीव्हीवर काल दिवसभर इराणच्या अणुभट्टीचा घुमट लालभडक दाखवत होते. बातम्या सांगणारा असा ओरडत होता, की बॉम्ब जणू माझ्या परसातल्या फणसावरच पडणार आहे. माझा मुलगा सुधीर कुवेतला असतो, तिथून फक्त एक खाडी ओलांडली की पलीकडे ती भट्टी. मी फोन लावला.

"अण्णा, इकडे बोलणी चालू आहेत म्हणून सांगतात," तो म्हणाला, आणि त्याने तिकडच्या टीव्हीचा फोटो पाठवला. घुमट तोच, पण वर निळं आभाळ.

"तुमचे लपवतात," मी म्हणालो.

"तुमचे वाढवतात."

मी चौथी शिकलेला, पण माघार घेणाऱ्यातला नाही. 'परत ये' म्हणणाऱ्यातलाही नाही. घुमटाचा खरा रंग त्याच्या सावलीत राहणाऱ्यांना ठाऊक असेल, पण त्यांना कोण विचारतो?

"जेवलात का?" सुधीरने विचारलं.

"पिठलं-भात."

"आणि गुडघा?"

"पळतोय घोड्यासारखा."

तो हसला. सकाळपासून मी चूलही पेटवली नव्हती. आमच्या गावात आखातात गेलेल्या माणसाला वाईट बातमी फोनवर कळवत नाहीत. तिकडे गेलेलेही हीच रीत पाळत असणार, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

म्हणजे फोनवरून कुवेतात त्याला माझ्यावर निळं आभाळ दिसतं आणि इथे मला त्याच्यावर. टीव्ही मी चालूच ठेवला. ओरडतो मेला, पण घरात तेवढाच एक आवाज आहे.