वाकडी टीप

"ताई, टीप जराशी वाकडी मारा की," पुष्पा म्हणाली.

टीप म्हणजे मशीनची शिवण. ती जरा वाकडी गेली म्हणून नवशिकी असताना मी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली आहेत. वाकडी मारा म्हणणारं गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच बघत होते.

वालूरला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाऊज, ड्रेस, पिको-फॉल, आणि हिवाळ्यात शाळांच्या गॅदरिंगचे पोशाख. त्या वर्षी जवळच्या एका शाळेच्या हेडसरांनी फतवा काढला. वेशभूषा स्पर्धेचा पोशाख पालकांनी घरीच, स्वतःच्या हातानं शिवायचा. भाड्यानं आणायचा नाही, टेलरकडे टाकायचा नाही. मुलांना श्रमाचं मोल कळावं, हा हेतू. मोल मुलांना कळणार होतं, श्रम आयांनी करायचे होते. आणि आयांनी ते गुपचूप माझ्या दुकानात आणून टाकले.

"माझ्या पोराला पोस्टमन करायचंय," पुष्पा दबक्या आवाजात म्हणाली. "पण घरी शिवल्यावानी दिसलं पायजे. लय सफाई नको."

तिच्यामागून रीघच लागली. मला वाटलं होतं सीझन बुडाला. इथं जेवायला फुरसत मिळेना. पण वाकडं शिवणं सोपं नसतं. हात आपोआप सरळ जातो. मग मी मशीन चालू ठेवून मुद्दाम रस्त्याकडे बघायची. पोस्टमनच्या शर्टाचा एक खिसा वर लावला, एक खाली. भाजीवालीच्या परकराचा घेर एका बाजूनं लोंबता ठेवला. फार जिवावर यायचं.

एक दिवस हेडसरांच्या मिसेस आल्या. मुलीला परी करायची होती.

"नियम आमच्याच ह्यांचा आहे हो," त्या म्हणाल्या, "पण मला साधं बटन लावता येत नाही. ह्यांना सांगितलंय, मी माहेरी बसून शिवतेय. कळू देऊ नका."

परीचा एक पंख मी लहान केला.

दुसऱ्याच दिवशी खुद्द हेडसर आले. मला वाटलं, बिंग फुटलं. पण ते हात जोडून म्हणाले, "स्पर्धेला परीक्षक म्हणून तुम्हीच या. कुणी बाहेरून शिवून आणलं असेल तर तुमच्या नजरेतून सुटणार नाही."

नाही म्हणायला हवं होतं. पण शाल देणार होते, स्टेजवर खुर्ची होती, आणि आजवर मला कोणी खुर्ची दिली नव्हती. "येते," म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी मुलं रांगेत उभी. हेडसर एकेकाचे वाकडे खिसे बघून हरखून जात होते. "बघा, ही आईच्या हातची शिवण!" समोर बसलेल्या आया खाली बघत होत्या. सगळ्यांच्या अंगात ब्लाऊज माझेच होते.

मग सर दुसरीतल्या गौरीपाशी थांबले. ती कापसाचं बोंड झाली होती. पांढऱ्या कापडावर शेतातला खरा कापूस लावलेला, खाली पोत्याच्या तपकिरी पाकळ्या. टाके एकसारखे, आखल्यासारखे.

"हे घरचं नाही," सर म्हणाले. "एवढी सरळ शिवण घरी होत नाही. हा पोशाख बाद."

गौरीचा बाप मागून पुढं आला. दत्तराव, स्वतःची थोडी शेती. "सर, म्या शिवलंय. दाभणानं. कापूस भरायची मोठाली बोंदरी शिवतो तसंच."

"मीच दोरा ओवून दिला," गौरी म्हणाली.

"पोरीलासुद्धा पढवून आणलंत? दत्तराव, निदान तिच्यासमोर तरी खोटं बोलू नका."

दत्तरावनं टोपी काढून हातात धरली. गौरी बापाच्या तोंडाकडे बघून रडायला लागली.

त्या शाळेत वाकडं म्हणजे खरं आणि सरळ म्हणजे खोटं, हा हिशोब माझ्याच मशीननं घातला होता. गप्प बसले तर नंबर माझ्या वाकड्या खिशाला जाणार. बोलले तर समोर बसलेलं सगळं गिऱ्हाईक जाणार. पण त्या पोरीचं रडणं मला बघवेना. मी उठले.

"सर, हे टेलरकडचं न्हाई."

"कशावरून?"

"बाकीचे सगळे माझ्याकडचे हायत म्हणून."

सर हसले. "काहीतरीच. हे असले खिसे तुम्ही लावता?"

हे मला फार लागलं. मी पोस्टमनचा शर्ट काढायला लावला आणि उलटा करून दाखवला. आत शिवणीला जादा कापड सोडलेलं होतं. त्याला आम्ही माया म्हणतो. पोरगं वाढलं की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. बाहेरून कितीही वाकडं शिवलं तरी माया सोडायची हाताची सवय गेली नव्हती. वर कडांचे धागे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक, आणि ते मशीन आमच्या गावात माझ्याकडेच.

सरांनी दुसरा कपडा उलटा केला, तिसरा केला. मग परीकडे हात नेला. तेवढ्यात समोरून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "राहू द्या ना, पोरीला थंडी वाजेल."

सरांचा हात तिथंच थांबला.

बाद करायचे तर सगळेच करावे लागले असते, परीसकट. म्हणून कोणीच बाद झालं नाही. पहिला नंबर बोंडाला गेला. सर माईकवरून दत्तरावला "गैरसमज झाला" म्हणाले. दत्तरावनं टोपी घातली आणि पोरीला खांद्यावर घेतलं. मला शाल द्यायचं मात्र सगळेच विसरले.

नंतर काही दिवस दुकानात कोणी फिरकलं नाही. मग एका दुपारी पुष्पा आली आणि पोस्टमनचा शर्ट टेबलावर टाकला.

"तुमच्यामुळं आमचा नंबर गेला, ताई."

"पुष्पा, खरं सांगावंच लागलं गं."

"ते जाऊ द्या. पण खिसे असे लावतेत का? पोरगं अंगात घालंना. दत्तरावचे टाके बगा, कसे सरळ हायत. जरा शिका त्याच्याकडून."

मी मुकाट्यानं दोन्ही खिसे उसवले आणि सरळ लावून दिले. तेव्हापासून कोणी कितीही सांगितलं तरी वाकडं शिवत नाही. सांगणारं गिऱ्हाईक विसरून जातं. टीप आपल्या नावावर राहते.