दामाजीच्या नावाची बाग

कोलशेतच्या खाडीकाठी सगुणाबाईशी भांडून कुणी जिंकल्याचं गावाला आठवत नाही. वॉर्ड ऑफिसचे साहेब हरले, टॉवरचे सेक्रेटरी हरले, आणि दुर्बीण घेऊन पक्षी बघायला येणारे एक सभ्य गृहस्थ एकदाच उलट बोलले, ते पुढे पलीकडच्या फाटकातून येऊ लागले. अशी ही बाई शेवटी हरली ती एका नारळापुढे. आणि तो नारळही तिनेच फोडलेला.

भांडणाचं मूळ होतं बागेच्या मागच्या कोपऱ्यातला कोबा. बाग व्हायच्या आधी ती सगळी जागा कोळीवाड्याचं खळं होती, म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जमीन. तिथे बाग करायला निघाले तेव्हा गावाने रान उठवलं, म्हणून खाडीकडचा एक कोपरा सिमेंटचा कोबा घालून बायकांना सोडला. बाकी सगळीकडे हिरवळ, झोपाळे आणि चालायची फरशी. पुढे खाडीत फारशी मासळी राहिली नाही. बायका एकेक करून टॉवरमध्ये पोळ्या करायला जाऊ लागल्या आणि कोब्यावर सगुणाबाई एकटी उरली. तिचा मुलगा दिपेश कुरियरच्या ऑफिसात होता, पण रविवारी चुलत्याच्या होडीतून जाऊन आईपुरता जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, आणायचा. ती तो वाळवायची आणि शहाडच्या बाजारात नेऊन विकायची.

घरात तिला काही कमी नव्हतं. सून मेघाली गुणाची होती, ताट हातात आणून द्यायची. पण ताट हातात येऊ लागलं की माणसाला आपण पाहुणे झाल्यासारखं वाटायला लागतं, तसं सगुणाबाईला वाटायचं. खळ्यावर उकिडवं बसून जवळा उलथताना मात्र ती कुणाची सासू नव्हती आणि कुणाची विधवाही नव्हती. तिथे ती धंदेवाली होती. तेवढी एकच जागा तिला तिची वाटायची.

टॉवरवाल्यांना वास यायचा, आणि तो येतच होता, त्यात खोटं काही नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी नाकाला रुमाल लावून समजवायला यायचं. सगुणाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"यो खला आमचा हाय. तुमची बिल्डिंग काल आली. वास येतं तं खिरकी लावा! आमी तुमच्या गारीचा धूर खातंव, तो कोनाला सांगाचा?"

समजवायला आलेलं माणूस रुमालासकट परत जायचं. हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला होता आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडायचा.

मग देवस्थळी सर आले. कॉलेजातून निवृत्त होऊन आता टॉवरमध्ये राहणारे, सावकाश बोलणारे, सकाळी फिरणाऱ्या मंडळींचे पुढारी. त्या मोठ्या पुराच्या वेळी ते खालच्या चाळीत राहायचे. सगुणाबाईचा नवरा दामाजी याने तेव्हा आपली होडी थेट गल्लीत घातली होती आणि खिडकीचे गज वाकवून सरांच्या म्हाताऱ्या आईला बाहेर काढलं होतं. असे कितीतरी लोक त्याने काढले. दामाजी तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला आणि तेव्हापासून सरांनी ध्यास घेतला होता की बागेला दामाजीचं नाव द्यायचं. अर्ज झाले, हेलपाटे झाले, आणि यंदा एकदाची मंजुरी मिळाली.

सर पेढे घेऊन घरी आले. "सगुणाताई, फलक नेमका कुठे लावू या? तुम्ही सांगाल तिथे."

सगुणाबाईचा ऊर भरून आला. टॉवरमधलं माणूस आपल्या घरात बसून आपल्या माणसाचं नाव अदबीने घेतंय, हे तिला नवीन होतं. "मागं, कोब्यावं," ती म्हणाली. "मालक तितंच बसून जाली शिवाचं."

ते खरंच होतं. ती जवळा पसरायची आणि तो शेजारी बसून जाळं शिवायचा. म्हणून तिने ती जागा सांगितली. तेव्हा तिच्या मनात दुसरं काही आलं नाही.

कार्यक्रमाला मांडव होता, नगरसेवक होते, टॉवरच्या बायका नऊवारी नेसून आल्या होत्या. सगुणाबाईच्या अंगावर शाल आणि गळ्यात हार पडला. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवलेल्या बाईला हार घातल्यावर काय बोलायचं ते सुचेना. भांडायला आलेल्याला ती पुरून उरली असती, पण पाया पडायला आलेल्याशी भांडणार कशी? फलकावरचा पडदा सरला. दामाजी नाखवा उद्यान. सरांनी नारळ तिच्या हातात दिला. "हा मान तुमचा."

सगुणाबाईने पदर खोचला आणि एका फटक्यात नारळ फोडला. पाणी कोब्यावर पसरलं, आणि ती ते वाहताना बघत राहिली.

तिला सासू आठवली. सासरा खाडीत गेला तो सापडलाच नाही. तेव्हा सासूने धक्क्याच्या मोठ्या दगडावर त्याच्या नावाने नारळ फोडला, आणि त्या दिवसापासून तो दगड त्याचा झाला. होड्या त्याच दगडाला लागायच्या, पण सासूने पुन्हा कधी त्यावर मासळीची पाटी टेकवली नाही. गेलेल्या माणसाच्या जागेवर धंदा मांडायचा नाही, अशी त्या घराची रीत. म्हातारी मरेपर्यंत डोक्यावर पाटी घेऊन गुडघाभर चिखलातून फेरा मारून यायची. नवी सून असताना सगुणा त्यावर तोंडाला पदर लावून हसायची. पण तीही त्याच चिखलातून गेली होती, एकदाही त्या दगडावरून नाही.

इकडे सर माईकवर होते. "आणि मित्रहो, आजपासून सगुणाताईंच्या जवळ्याबद्दल आपल्यापैकी कुणीही तक्रार करायची नाही. हा कोपरा कायमचा त्यांचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची लक्ष्मी कानाशी लागली, "जिकलीस गो बाय!"

सगुणाबाई हार सांभाळत बसून राहिली. इतक्या वर्षांत जे भांडून पुरतं मिळालं नव्हतं ते एका वाक्यात पदरात पडलं होतं, आणि तिने ते त्याच्या आधीच स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

रविवारी दिपेश जवळा घेऊन आला. आई पाटी पुढ्यात घेऊन ओट्यावर बसून राहिलेली बघून त्याने विचारलं, तेव्हा तिने नारळाचं सांगितलं.

"आये, काय तू पण! बाबा असते ना, तर तेच बोलले असते, टाक बिनधास्त."

"तो बोलला असता रं. पन त्याला इचारू कशी?"

"अगं मग फलक जरा बाजूला घ्यायला सांगू सरांना."

"फलक उचलशील. नारल फोरला तो कसा उचलशील?"

सगुणाबाई तरीही पाटी डोक्यावर घेऊन बागेत गेली. वॉचमनने उठून सलाम केला. टॉवरच्या एका बाईने स्वतःहून वाट दिली. कोब्यावर ऊन पडलं होतं, अगदी जवळ्याला हवं तसं. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांना काय कळणार होतं? पाटी उतरवायची आणि पसरायचं, एवढंच करायचं होतं. तिने हात वर नेले आणि तसेच पाटीला धरून उभी राहिली. तिला सासूचा राग आला, सरांचा आला, मरूनही आपल्या वाटेत बसलेल्या दामाजीचा तर फारच आला. कचकचून भांडावं असं वाटलं. पण समोर कुणी नव्हतंच.

ती परत फिरली. घरच्या पत्र्यावर जवळा घातला, तो खालून करपला आणि वरून कावळ्यांनी नेला. पुढच्या रविवारी दिपेशने होडीवर जाऊ का म्हणून विचारलं, तर ती नको म्हणाली. मेघालीने ताट हातात आणून दिलं, ते तिने मुकाट्याने घेतलं.

आता ती रोज सकाळी बागेत जाऊन फलकाजवळच्या बाकावर बसते. फिरणारी माणसं वाकून नमस्कार करतात. परवा देवस्थळी सर थांबले. त्यांचा चेहरा जरा दुखावल्यासारखा होता.

"ताई, जवळा दिसत नाही हल्ली? पुन्हा कुणी काही बोललं का? मला नाव सांगा, मी बघतो त्याच्याकडे."

सगुणाबाईने त्यांच्याकडे बघितलं. माणूस भला होता, तीच पंचाईत होती. "कोन नाय बोललं सर," ती म्हणाली. "माज्याच हातान नारल फोरला ना मी इतं."

"हो तर!" सरांचा चेहरा उजळला. "काय सुरेख फोडलात! एका फटक्यात. आमच्याकडे अजून सगळे आठवण काढतात."

सगुणाबाईने मान हलवली आणि बाकावर सरकून त्यांना बसायला जागा दिली.