मानपूरच्या घाटातल्या अक्षता

पुणे सोडलं तेव्हा माझी गाडी चौदा वर्षांची होती. वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची एकुलती बहीण, माझी इंदूरची आत्या, अकरा वर्षांत माहेरी आली नव्हती. बसमध्ये तिला उलट्या होत आणि आगगाडीच्या गर्दीला ती भीत असे. "या भाऊबीजेला तिने मला ओवाळायला हवं," असं वडील म्हणाले आणि मी गाडी बाहेर काढली. मागच्या सीटवर एका खोक्यात विलायती एअर फिल्टर होता. गिरगावातल्या दुकानदाराने तो मला असा विकला होता की जणू गाडीला पंखच फुटणार. कंपनीने दिलेला जुना काळा डबा काढून टाका, ही चकचकीत जाळी बसवा, इंजिन मोकळा श्वास घेईल, असं त्याचं म्हणणं. पुण्यातल्या मिस्त्रीला दिवाळीच्या तोंडावर वेळ नव्हता, म्हणून खोकं माझ्याबरोबर इंदूरला निघालं.

धुळ्यापर्यंत गाडीने माझी लाज राखली. मानपूरच्या घाटात मात्र तिने दम टाकला. दुसऱ्या गिअरमध्येही ती धापा टाकत होती आणि मागून काळा धूर सोडत होती. शेवटच्या वळणावर दोन गुराख्यांनी ढकलून वर नेली. ढकलताना ते हसत होते. हसायला काय झालं होतं कोण जाणे. गाडी कशाशी खातात हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

इंदूरला मी दुपारी पोहोचलो. हे गाव नव्या मध्य प्रदेशाची राजधानी होता होता राहिलं, आणि त्याचं दुःख इथले लोक खाऊन विसरतात असं माझं मत झालं. जुनी इंदूर नावाच्या भागातल्या आत्याच्या घरी हातपाय धुण्याआधी पोह्यांची बशी पुढे आली. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण (एक आंबटतिखट मसाला) आणि शेजारी जिलबी. गोडाबरोबर तिखट खाणाऱ्या माणसांना चवीचं काय कळणार, असं मनात म्हणत मी दोन बशा संपवल्या. आत्याचा जन्म पुण्याचा, पण चाळीस वर्षांत तिचं मराठी पार बिघडलं होतं. "अरे बेटा, पहिले आराम तर कर. गाडी कुठे भागून राहिली आहे?" असं ती म्हणाली. मी तिचं वाक्य दुरुस्त केलं. ती हसली आणि तिसरी बशी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी जाळी बसवून घ्यायला परदेशीपुऱ्यात सोनवणे नावाच्या मिस्त्रींकडे गेलो. गिरणीच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड, आत बुद्धाची तसबीर आणि रांगेने लावलेले पाने. सोनवणे महूचे. त्यांचे वडील पलटणीत होते, हे स्वतः लष्करी वर्कशॉपात शिकलेले. मी त्यांना फिल्टर म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग जुना काळा डबा सोडवून माझ्यापुढे धरला. या डब्याच्या तळाशी तेल असतं. आत जाणारी हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. माझ्या डब्यात तेल नव्हतंच. दोन बोटं चिखल होता.

"साहेब, हे शेवटचं कधी साफ केलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो की ते काम मिस्त्रीचं असतं.

"तुमची गाडी यानेच घुटून राहिली आहे, श्वासच कोंडला आहे तिचा. साफ करून ताजं तेल भरून देतो, घाट आरामात चढेल. आणि ही तुमची जाळी दिसायला छान आहे, पण आपल्या माळव्याची धूळ मैद्यासारखी बारीक. ती हिच्यातून सरळ आत जाईल."

मला राग आला. गिरगावातला दुकानदार कोटटाय घालणारा, आणि पत्र्याच्या शेडमधला हा माणूस मला विलायती माल शिकवत होता. मी बजावलं की जाळीच बसवायची. "बसवतो. गाडी तुमची आहे," ते म्हणाले. पण जुना डबा साफ करून, तेल भरून डिकीत ठेवून देईन, हा हट्ट त्यांनी सोडला नाही.

आता आत्याचं काही वेगळंच. नवा भाग पूजेशिवाय गाडीला लावायचा नाही, असं तिने जाहीर केलं. त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी सोनवणे हत्यारांची पेटी घेऊन सायकलवरून घरी आले. त्यांनी काळा डबा काढला. कार्ब्युरेटरचं उघडं तोंड दिसायला लागलं, तसं त्यांनी त्यावर एक काळपट फडकं दोरीने घट्ट बांधलं. तेवढ्यात आत्या पूजेचं ताट घेऊन आली.

"तुमची पूजा तुम्ही निवांत करा, ताईजी. मी त्यातला नाही," सोनवणे म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "फक्त हा कपडा मी येईस्तोवर सोडू नका." ते अंगणातल्या नळावर डबा धुवायला गेले.

मी बॉक्स कॅमेरा काढला. वडिलांना दाखवायला फोटो हवा होता. आत्याने फोटोसाठी पदर सारखा केला आणि चष्मा काढून ठेवला. वयाच्या साठीत बायकांना ही हौस, असं वाटून मला हसू आलं. कॅमेऱ्यातून बघतो तर इंजिनाच्या ऐन मध्यावर ते कळकट फडकं. सगळ्या चित्राची शोभा घालवत होतं. मी दोरी सोडली, फडकं मडगार्डवर टाकलं आणि म्हणालो, "हं, आत्या." तिने हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि मूठभर अक्षता इंजिनावर टाकल्या. मी बटण दाबलं.

सोनवणे येईपर्यंत कोण थांबतो? जाळी मीच बसवली. एक पट्टी आवळायची होती, त्यात कसली आली आहे विद्या. ते परत आले, जाळीकडे बघितलं, मडगार्डवरच्या फडक्याकडे बघितलं.

"आत बघितलंत ना?"

"बघितलं," मी म्हणालो. मी बघितलं नव्हतं.

महू मागे पडलं. जाळीमुळे इंजिनाचा आवाज मात्र झकास येत होता, आणि सोनवण्यांना तो ऐकवायला हवा होता असं मला सारखं वाटत होतं. मानपूरच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या आधी, कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. ती ओलांडायला मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. रांग मागे पडली, उतार आला, मी पाय उचलला आणि इंजिन मंदावेना. गाडी उताराला लागली आणि शिवाय इंजिनही तिला पुढे ओढायला लागलं. ब्रेक दाबत राहिलो, ते तापले आणि पेडल लोण्यात रुतावं तसं खाली गेलं. आत्याने एका हाताने लाडवांचा डबा आणि दुसऱ्याने माझा दंड धरला. पहिलं वळण कसं घेतलं ते मला आठवत नाही. दुसऱ्याच्या आधी किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं सुचलं आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबली. ढिगाच्या पलीकडे दरी होती.

मी खाली उतरून जाळी काढली. कार्ब्युरेटरच्या नळीत जी पाकळी उघडते आणि मिटते, तिच्या कडेला तांदळाचे सहा-सात दाणे अडकले होते, म्हणून ती मिटत नव्हती. पेट्रोलने भिजलेले, कुंकवाने लाल. ते आत्याच्या केसांतल्या आकड्याने मी एकेक उपटून काढले. ती शेजारी उभी राहून बघत होती. आता तिच्या डोळ्यांवर चष्मा होता.

"माझ्याच हातच्या अक्षता," ती म्हणाली. "मी तुला मारून टाकलं असतं रे."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "जाऊ दे आत्या, तू मुद्दाम थोडंच केलंस." मोठ्या मनाने मी तिला क्षमा केली. एवढा नालायकपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

डिकीतला काळा डबा गोणपाटातून काढला. धुऊन पुसून लख्ख, आत ताजं तेल. तो बसवायला पाच मिनिटं लागली. पुढे सेंधव्यापलीकडे बिजासनचा घाट गाडीने एका दमात चढला, धूर नाही की धाप नाही. आत्या पुण्यापर्यंत जेमतेम चार वाक्यं बोलली.

वडिलांनी तिला बघितलं आणि दोघंही लहान मुलांसारखी रडली. पण आत्या त्यानंतरही रडतच राहिली. देवघरात ती फुलं वाही, अक्षतांना हात लावत नसे. वडिलांनी कारण विचारलं. मी सांगितलं की इंदूरच्या मिस्त्रीने घोळ घातला. मलाच ते पटलं नाही, आत्याला कुठून पटणार? तिने मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली.

भाऊबीजेच्या सकाळी फोटो धुऊन आले. त्यात आत्याचा हात वर होता आणि अक्षता हवेत. खाली मडगार्डवर ते फडकं, मध्ये कार्ब्युरेटरचं उघडं काळं तोंड. कोपऱ्यात, नळापाशी, पाठमोरे सोनवणे माझ्या गाडीचा डबा घासत होते.

आत वडिलांना उशीला टेकवून बसवलं होतं. आत्याने निरांजन ओवाळलं, कुंकू लावलं आणि अक्षतांच्या वाटीपाशी तिचा हात थांबला. वडील कपाळ पुढे करून वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी फोटो तिच्या हातात दिला.

तिने चष्मा सारखा करून तो बघितला आणि फडक्यावर बोट ठेवलं.

"मिस्त्रीजींनी तर कपडा बांधला होता. कोणी सोडला?"

"मी."

"आणि मला आठ दिवस रडू देऊन राहिला होतास?"

या वेळी मी तिचं वाक्य दुरुस्त केलं नाही. तिने वाटीतून चिमूट घेतली आणि भावाच्या कपाळावर अक्षता लावल्या. मग वाटीत उरलेल्या सगळ्या मुठीत घेतल्या आणि माझ्या डोक्यात घातल्या, चांगल्या जोरात.

आत्याला परत इंदूरला सोडायला गेलो, तेव्हा गाडी घाट सरळ चढली. परदेशीपुऱ्यात शेडसमोर गाडी उभी केली आणि सोनवण्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं, काळा डबा काढला, तेल बघितलं. मग खिशातून फडकं काढून त्या उघड्या तोंडावर बांधलं, आणि दोरीची गाठ मारताना माझा अंगठा तिच्यावर धरायला लावला.