दिनकरचं कुटणं

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो त्यानं न प्यायलेला चहा. चार आठवड्यांपूर्वीचा रविवार. माझ्या उचगावच्या घरी तो आणि आमचे दोन जुने सहकारी बसले होते. समोर अगदी सारखे दोन संगणक. एकावर आयती मिळणारी लिनक्स सिस्टीम, दुसऱ्यावर दिनकरनं मूळ कोडपासून घरी बांधलेली, त्याच्या मते जास्त जोरात पळणारी. दोन्हींवर तीच कामं लावून मी वेळ मोजली आणि सगळ्यांदेखत निकाल सुनावला, "काडीचा फरक न्हाय, दिन्या. बारा वर्षं पाण्यात घातलीस की!" तो आकडे बघत राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आलो, आलो" म्हणत तो चहा तसाच टाकून उठला आणि गेला... नंतरचे तीन रविवार तो फिरकला नाही. मग बातमीच आली, हृदयविकाराचा झटका. माझी जीभ मुळातच तिखट, पण तिनं माणूस मारला असं तोवर कधी वाटलं नव्हतं.

तीस वर्षं आम्ही एकाच कॉलेजात संगणक शिकवला. कोडपासून सिस्टीम बांधण्याला दिनकरचा स्वतःचा शब्द होता, कुटणं. आमच्याकडं वर्षाची चटणी घरोघरी होते. मिरच्या निवडायच्या, मसाला भाजायचा, डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, नंबर लावून कुटून आणायचं. "आयती सिस्टीम म्हंजे पाकिटातली चटणी," तो म्हणायचा. "माझ्या मशिनीला किती तिखट सोसतंय, त्यास्नी काय ठावं?" एकदा त्यानं फोनवर "कुटायला टाकलंय, दोन दिवस लागतील" असं सासूबाईंना सांगितलं, तर म्हातारी दुसऱ्या दिवशी गारगोटीहून भाजलेलं खोबरं घेऊन हजर! आतल्या खोलीत संगणक घरघरत होता. "ह्यात मिरची कुठनं घालायची?" असं तिनं विचारल्याचं तो कायम रंगवून सांगायचा.

महिन्याभरानं वहिनींनी, दिनकरच्या बायकोनं, त्याच्या संगणकातले फोटो काढून द्यायला बोलावलं. खरं सांगतो, पाय उचलत नव्हता. टेबलाच्या खणात पासवर्ड शोधताना त्याची वही सापडली. चार वर्षांपूर्वीचं पान. त्यानंही दोन्ही सिस्टीम मोजल्या होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. खाली लिहिलं होतं, 'वेग वाढत न्हाय. जड आकडेमोडीत वाढला तर चिमूटभर. जुनी मशिन हलकी होते ती नको ते न घातल्यामुळं, कुटल्यामुळं न्हाय. पण कुटताना आत काय हाय ते कळतं. सुऱ्याला इतक्यात सांगायचं न्हाय, मग भांडायला काय उरंल?'

सुऱ्या म्हणजे मी.

मी वहिनींना धीर करून विचारलं, "त्या रविवारी तो रागावून आलता काय?"

"रागावून? अवो, डंकावर आमचा नंबर लागलाता, मीच फोन केलाता. डंकावर उभं राहून हसत हुते. म्हणले, सुऱ्यानं मोजलं बाई एकदाचं!"

"मग तीन रविवार?"

"गारगोटीच्या शाळंत. जुने कम्पुटर चालू करून देत हुते. तुमास्नी सांगिटलं न्हाय व्हय?"

नव्हतं सांगितलं. मी तिथंच खुर्चीत बसून रडलो, आणि महिन्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. माझा मित्र माझ्यावर हसत गेला होता, रुसून नव्हे. निघताना वहिनींनी त्या रविवारी कुटलेल्या चटणीची बरणी हातात दिली.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. "भावजी, काय चाललंय?"

"कुटायला टाकलंय," मी म्हणालो. मागं माझा संगणक कालपासून घरघरत होता.

"व्हय? मग पळायला लागला काय जोरात?"

"न्हाय की, वहिनी."

पलीकडून त्या हसल्या. दिनकर गेल्यानंतर मी त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं.