ओब्रादनं झेललेला दोर

जन्मभर होडी हाकलेल्या माणसाकडे दोर फेकला, तर तो झेलतोच. ओब्रादनं झेलला, आणि तिथंच माती खाल्ली.

साथीच्या मुलखातून आलेल्यांनी मर्कान बेटावर महिना काढल्याशिवाय दुब्रोव्हनिकच्या वेशीत पाऊल टाकायचं नाही, असा कायदा. त्यांना पाव-पाणी पोचवायचं काम ओब्रादचं. टोपल्या खडकावर ठेवायच्या, मागं सरायचं, कुणाला की कुणाच्या वस्तूला शिवायचं नाही; शिवलं तर आपणही महिनाभर तिथंच. त्या दिवशी वारा पिसाळला, होडी खडकावर आपटू लागली आणि बेटावरच्या एका खलाशानं भलेपणानं दोर फेकला.

"झेललास?" वरून राखणदारीण दोब्रुला ओरडली. बाई साथीतून उठलेली. तिला रोग पुन्हा शिवत नाही, असं सरकारचं मत. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

"अगं, रविवारी पोरीचं लग्न आहे!"

"मग दोर कशाला झेललास, मेल्या?"

"मी कुठं, हातानं झेलला!"

मागच्या होडीतून मेहुणा ग्रुबाच कुजबुजला, "दाजी, बाई तिकडं बघतेय. सटका."

दोब्रुला खरंच समुद्राकडं बघत होती. सटकता आलं असतं. पण ओब्रादच्या आईला आणि भावाला साथीनं एकाच आठवड्यात नेलं होतं. शिव्या घालत तो खडकावर चढला.

घरी रडारड. रविवारनंतर ईस्टरआधीचे उपास, उपासात लग्नं नाहीत, आणि उपास सुटले की नवरदेव वर्षभरासाठी जहाजावर. तरी नवरी पोर स्लावुशा हटून बसली, "बाबांच्या हातचा वाइनचा प्याला नवऱ्यानं प्यायल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही."

"मग बेटावर जाऊन लाव लग्न!" पाद्री वैतागून म्हणाले.

तोंडातून शब्द गेला. रविवारी बंदरातल्या झाडून साऱ्या होड्या मर्कानला निघाल्या. पाद्रीबाबा वाटेत दोनदा ओकले. खडकावर ओब्राद उभा, अंगात दोब्रुलाच्या मेलेल्या नवऱ्याचा ठेवणीतला सदरा. त्यानं प्याला भरला, कायद्याप्रमाणे व्हिनेगरच्या बादलीत बुचकळला आणि वल्ह्याच्या टोकावरून पुढं केला. जावयानं एका दमात रिचवला. तोंड लिंबासारखं झालं.

"सासऱ्याची चव कळली ना?" ग्रुबाच ओरडला. अडकलेले खलाशी टोप्या उडवत नाचले, होडीवाल्यांनी वल्ही पाण्यावर अशी बडवली की गलबतांवरचे पक्षी उठले.

पुढच्या आठवड्यात दोर फेकणारा खलाशी तापानं पडला आणि गेला. शहरात मात्र एकालाही काटा लागला नाही. महिना भरल्यावर ओब्राद ठणठणीत उतरला, तेव्हा धक्क्यावर त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरवायला कुणी तयार नव्हतं.

एकच राहिलं. सदरा दोब्रुलानं आपल्याबरोबरच्या एका नाचाच्या बोलीवर दिला होता, आणि खलाशाच्या त्या आजारपणात नाच कुणाला सुचणार? अजूनही तो पाव घेऊन गेला की ती वरून विचारते, "काय रे, कधी?"

"शिवायचं नाही ना, बाई," ओब्राद म्हणतो आणि टोपल्या ठेवून मागं सरतो.